मंजूर

३४ वर्षं नोकरी करून मला कशावरही अखेरची सही करण्याचा अधिकार मिळाला नाही. माझ्या सहीखाली नेहमी आणखी एक सही लागत असे, आणि ती करणारे साहेब बहुधा दौऱ्यावर असत. घरी तर विचारूच नका. भाजी कोणती करू, हे मला विचारतात ते ती फोडणीला पडल्यावर. त्यामुळे साताऱ्याच्या घरावर मजला चढवायला काढला आणि ठेकेदाराच्या इंजिनिअर मुलानं माझ्या फोनमध्ये बांधकामाचं ॲप बसवून दिलं, तेव्हा त्यातलं 'मंजूर' असं लिहिलेलं हिरवं बटण पाहून माझा ऊर भरून आला.

"काका, आता सगळं ह्याच्यावर," तो म्हणाला. "सेंटरिंगवाला, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, ज्याला त्याला आपापलंच दिसणार. प्लंबरला वायरमनचा दर दिसत नाही."

ही युक्ती ज्यानं काढली तो नक्की एकत्र कुटुंबात वाढलेला असणार.

"आणि आत एआय आहे. रोजची डायरी लिहितो, बिलं तपासतो, चूक दिसली की लाल खूण करतो. पण त्याला लगाम आहे बरं का. आपण होऊन काही करायचं नाही, नुसतं सुचवायचं. मंजुरी माणसाची."

म्हणजे हा माझ्यासारखाच हेडक्लार्क! मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

डायरी तर वाचण्यासारखी असे. मंडळी फोनमध्ये बोलत आणि तो ते उतरवून घेई. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी वायरमननं सळयांमधून नेलेला पाइप प्लंबरनं गच्चीच्या टाकीच्या नळासाठी कापला. त्यावर वायरमन जे बोलला ते ऐकून शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेतली. डायरीत उमटलं : 'विद्युत ठेकेदाराने नळकामाच्या जागेबद्दल नापसंती व्यक्त केली.'

मी मंजूर करत सुटलो. वाळू, मंजूर. सळया, मंजूर. वाचायचं कोण? चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत.

स्लॅब पडून ९ दिवस झाले होते. सकाळी जाऊन बघतो तर सेंटरिंगवाल्याची माणसं पहारी घेऊन उभी, आणि स्लॅबखाली अगदी मधोमध, उलट्या घमेल्यावर आमचे म्हातारे मिस्त्री तंबाखू मळत बसलेले.

"मिस्त्री, सरका की. मंजुरी आलीय," सेंटरिंगवाला फोन नाचवत म्हणाला. त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या.

"काढा ना, मी कुठं नको म्हणतोय?" मिस्त्री म्हणाले. "मी हितंच बसतो. मालकास्नीबी बसवा शेजारी. स्लॅब कवळा हाय. आज पडणार न्हाई कदाचित, पण पोटात झोळ आला तर जल्मभर जायचा न्हाई."

मी चष्मा लावून फोन पाहिला. एआयनं आदल्या रात्रीच लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं. गाळा ५ मीटरचा. आयएस ४५६ ह्या २००० सालच्या संहितेप्रमाणे साडेचार मीटरवरच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू निदान १४ दिवस ठेवायचे. झालेत ९. काढू नयेत. खाली दोन मंजुऱ्या. मालक : मंजूर. इंजिनिअर : मंजूर.

इंजिनिअर धापा टाकत आला.

"अरे, तू कसं मंजूर केलंस?"

"काका, तुमची मंजुरी आधीच आली होती. म्हटलं, तुम्ही वाचलं असेल."

आणि मी केलं होतं ते, शेवटी इंजिनिअर बघणारच आहे म्हणून. ३४ वर्षं ह्याच भरवशावर तर सह्या केल्या होत्या!

टेकू राहिले. मिस्त्रींचा फोन साधा, बटणांचा. ॲपमध्ये त्यांचं नावसुद्धा नव्हतं. पुढचे ५ दिवस ते वर पाणी मारून आले की दुपारची डुलकी त्या घमेल्याजवळच काढत.

संध्याकाळी डायरी आली : 'सेंटरिंग काढण्याचे काम स्थगित. कारण : मिस्त्री खाली बसले होते. मालकांची मंजुरी आवश्यक.' मी ती तीनदा वाचली, सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवली, आणि मग बटण दाबलं.

"आणि मी भाजी विचारत नाही म्हणून रुसता!" ती म्हणाली.