आक्रात मुक्काम कुठे करावा?

शासकीय सेवकाने खासगी कारणासाठी परदेशी जायचे म्हटले तरी त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा नस्तीतच पार पडतो. कुठे, कधी, किती खर्चाने आणि कोणाच्या पैशाने जाणार, हे विहित नमुन्यात आधी लिहावे लागते. खर्च लिहायचा तर मुक्काम ठरलेला हवा. मुक्कामाचे पैसे भरायचे तर परवानगी हाती हवी. व्हिसाच्या अर्जालाही राहण्याचा पत्ता लागतोच. घानाला जाण्याचे आम्ही उभयतांनी ठरवले, तेव्हा मी रद्द करता येईल असेच आरक्षण केले आणि खर्चाचा अंदाज थोडा सढळ धरला. अंदाजापेक्षा कमी खर्च झाल्याचा खुलासा आजवर कोणाकडे मागितल्याचे ऐकिवात नाही.

पीतज्वराच्या लसीला मात्र पळवाट नाही. घानात प्रवेश करताना तिचा दाखला लागतो आणि परतताना आपलेच सरकार तो मागते. नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला वैध होतो. 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते. तेव्हा लहान शहरात नेमणूक असलेल्यांनी तिकिटाआधी लसीचा दिवस पाहावा.

महिना ऑगस्ट निवडला. जूनमध्ये आक्रात ऐन पाऊस असतो, तर डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमाटन हा कोरडा, धुळीने भरलेला वारा येतो.

खरा प्रश्न राहण्याचा होता. जनित्र आहे का, पाण्याची टाकी किती मोठी, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. 2012 ते 2016 या काळात तिथे वीज इतकी जात-येत असे की ‘दुमसोर’, म्हणजे बंद-चालू, हा शब्द घराघरांत रुजला. सल्ला देणारे मात्र सारे एकाच सुरात बोलत होते: कँटोनमेंट्स, रिज किंवा एअरपोर्ट रेसिडेन्शियल, याबाहेर राहू नका. ही नावे वाचताना मला आपल्या सिव्हिल लाइन्स आठवल्या, आणि ते साम्य वरवरचे नव्हते. 1908 साली आक्रात प्लेग आला, तेव्हा ब्रिटिश सरकारने तिथे डब्ल्यू. जे. सिम्प्सन या डॉक्टरांना धाडले. हे गृहस्थ त्यापूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. त्यांनी तिथे हाफकिन यांची लस टोचली. तीच लस, जी 1897 साली मुंबईत तयार झाली होती. इथवर त्यांच्या कामाबद्दल आदरच वाटतो. पण गोऱ्यांची वस्ती आफ्रिकी वस्तीपासून दूर असावी आणि मध्ये मोकळा पट्टा राखावा, अशीही शिफारस त्यांनी केली. प्लेग ओसरला, नकाशा उरला. आरोग्याच्या नावाने आखलेली रेषा पुढे ऐपतीची होते आणि मग तिलाच ‘सुरक्षित भाग’ म्हणतात, हे मी माझ्या प्रत्येक जिल्ह्यात पाहिले आहे. सेवेची सारी वर्षे अशाच बंगल्यांत काढल्यावर सुट्टीतही तिथेच उतरणे मनाला पटेना.

म्हणून ओसू निवडले. जुन्या डॅनिश किल्ल्याजवळची ही गजबजलेली वस्ती. दुकाने, खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर. अतिथिगृहाच्या मालकीणबाईंना पत्राने जेवणाचे विचारले. आम्ही शाकाहारी, हे त्यांना दोनदा लिहावे लागले. कारण तिथल्या अनेक भाज्यांत सुकी मासळी चवीपुरती पडते आणि तिला कोणी मांसाहार मानत नाही. कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तांदूळ आणि चवळीचा ‘वाचे’ मात्र साधा मागितला तर आपल्या खिचडीच्या जवळ जातो.

राहता राहिला केप कोस्ट. आक्रापासून सुमारे 150 किलोमीटर. बहुतेक प्रवासी सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. तिथल्या किल्ल्यात पुरुष गुलामांना कोंडायच्या तळघरांवरच प्रार्थनाघर होते आणि वरच्या मजल्यावर, समुद्राचा वारा खेळेल अशा खोल्यांत, गव्हर्नरचे निवासस्थान. तेही शासकीय निवासस्थानच. ते पाहून लगेच तीन तासांची मोटार पकडायला पत्नीने आधीच नकार दिला होता. नमुन्यातल्या निवासखर्चाच्या रकान्यात मी केप कोस्टची एक रात्र वाढवली आणि नस्ती वर पाठवली.