मामूंची थ्री-नॉट-थ्री

आपल्या कोकणात शिकारीच्या गोष्टी आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या बंद झाल्या आणि ते बरंच झालं. पण माझे मामू केपटाऊनला होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपली कोकणी माणसं तिकडे जाऊन राहिली, त्यांतलंच हे घराणं. तिथे परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असेल तर हिवाळ्यात स्प्रिंगबॉक या हरणाची शिकार करता येते. मामू दरवर्षी एकदा जात. त्यांची बंदूक म्हणजे ली-एनफिल्ड, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच थ्री-नॉट-थ्री.

मामूंच्या इंतकालानंतर माझ्या मामेभावाने नव्याने परवाना काढून ती आपल्या नावावर केली. गेल्या वर्षी मी तिकडे गेलो, तेव्हा बंदूक तिजोरीत कुलूपबंद होती आणि घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

कारण मुमानींनी सांगितलं. आदल्या हंगामात भावाची गोळी हरणाच्या पोटात लागली होती. जनावर पळालं. मगरिबपर्यंत शोधलं, सापडलं नाही. जखमी करून हरवलेल्या जनावराचे पैसे फार्मवाल्याला द्यावे लागतात, ते त्याने दिले. मुमानी म्हणाल्या, "पैसे दिलेस, पण त्या जिवाचं काय?" तेव्हापासून बंदूक बाहेर आली नव्हती.

"भाई, बंदूक विकून टाकावी म्हणतो," तो मला म्हणाला. मी विचारलं, "मामूंची गोळी कधी चुकायची?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ते दुसरी काडतुसं वापरायचे."

तिथूनच शोध सुरू झाला. भावाने दुकानदाराच्या सांगण्यावरून १५० ग्रेनची हलकी, वेगवान गोळी घेतली होती. १९१० पासून या बंदुकीची फौजी गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वाअकरा ग्रॅमची आहे, आणि बंदुकीवरची नेम धरायची पट्टी त्याच गोळीच्या हिशोबाने आखलेली असते. वजन बदललं की गोळी लागण्याची जागाही बदलते. भावाने नवी काडतुसं आणली, पण ती निशाणावर मारून न बघताच तो शिकारीला गेला होता.

आम्ही एका म्हाताऱ्या बंदूक कारागिराकडे गेलो. त्याने आधी नळी साफ केली. वर्षानुवर्षं साचलेलं तांबं निघालं. मग शिशाचा तुकडा नळीतून ढकलून माप घेतलं, तर ०.३११ इंचाच्या जागी ०.३१३ भरलं. लढाईच्या काळातल्या नळ्यांची मापं अशी कमी-जास्त असतात, तो म्हणाला. सैल नळीत हलकी आखूड गोळी नीट धरली जात नाही. लाकूड सुकून दस्त्याचा मुख्य स्क्रूही ढिला झाला होता, तो त्याने आवळला. कोणीतरी जुनी फौजी काडतुसं स्वस्तात देऊ केली होती. कारागिराने हात जोडले. त्यांच्या टोपीतल्या मसाल्याने नळी गंजते आणि फौजी गोळी जनावरातून आरपार जाऊन त्याला जखमी अवस्थेत पळू देते.

तिकडे एका बंदुकीमागे दोनशेच काडतुसं ठेवता येतात, त्यामुळे आम्ही तीनच प्रकार घेतले: १५०, १७४ आणि १८० ग्रेन. शंभर मीटरवर कागद लावला. प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या, आणि मधे नळी थंड होईपर्यंत थर्मासमधला चहा. १५० च्या गोळ्या वीतभर पसरल्या. १८० च्या जवळजवळ पडल्या, पण नेमापेक्षा खाली. १७४ च्या पाचही चहाच्या बशीत झाकल्या गेल्या असत्या. भाऊ कागदाजवळ बराच वेळ उभा राहिला. "बंदुकीचा दोष नव्हता, भाई," एवढंच म्हणाला.

जुलैत फज्र पढून आम्ही कारूच्या माळावर उभे होतो. गवतावर दहिवर गोठलं होतं. गोळीने मेलेल्या जनावराबद्दल उलेमांत मतभेद आहेत. मामूंचा नियम साधा होता: बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडायची, सुरी घेऊन धावायचं, जीव असेल तर जिबह करायचं, नसेल तर मांस घरी न्यायचं नाही. म्हणजे जनावर जागेवरच पडायला हवं. त्यासाठी नेम पक्का हवा.

दोन कळप भावाने जाऊ दिले. एक दूर होता, एक चालत होता. तिसऱ्या वेळी एक नर शंभरेक पावलांवर आडवा थांबला. भावाचे ओठ हलले. आवाज झाला आणि हरीण तिथेच बसलं. तो धावला. मी पोहोचलो तेव्हा त्याने त्याचं तोंड उत्तर-ईशान्येकडे वळवलं होतं. तिथून किबला तिकडे आहे. श्वास चालू होता. जिबह झालं.

संध्याकाळी घराच्या दारात मुमानी उभ्या होत्या. गोश्त किती आणलं हे त्यांनी विचारलं नाही. "जखमी होऊन कुठलं गेलं तर नाही ना?"

"नाही अम्मी."

त्या आत गेल्या. रात्री दस्तरखानावर सालन होतं. मुमानींनी मामूंच्या मगफिरतीसाठी हात उचलले, आम्हीही उचलले. जेवण झाल्यावर भावाने उरलेली १५० ची काडतुसं कारागिराकडे परत द्यायला वेगळी काढली आणि १७४ चा डबा तिजोरीत मामूंच्या जुन्या जागी ठेवला.