यॉर्कची निळी मॅलार्ड

मैत्रिणींनो, मुलाबाळांकडे लंडनला जाणं झालंच, तर एक दिवस यॉर्कसाठी राखून ठेवा. किंग्ज क्रॉसहून साधारण दोन तासांची आगगाडी आणि स्टेशनाजवळच रेल्वे म्युझियम. प्रवेश फुकट! पोळीभाजीचा डबा न्या, पायांत सोयीची चप्पल घाला, खूप चालावं लागतं.

"इंजिनं काय बघायची?" म्हणून मीही नाक मुरडलं होतं. पण निळंशार 'मॅलार्ड' समोर आलं आणि गप्पच झाले. मॅलार्ड म्हणजे रानबदक. पुढचा भाग वारा कापण्यासाठी उतरता केलेला आणि मोठी चाकं माणसाच्या उंचीहून मोठी, सहा फूट आठ इंच!

१९३६ साली जर्मनीच्या इंजिनाने ताशी २०० किलोमीटरचा पल्ला गाठला होता. ३ जुलै १९३८ रोजी सर नायजेल ग्रेस्ली यांच्या या इंजिनाने सात डबे ओढत, स्टोकच्या उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. पण त्या धावेत मधल्या सिलिंडरचं बेअरिंग तापून वितळलं. पीटरबरोला इंजिन सोडवून दुसरं जोडावं लागलं. दुरुस्त होऊन मॅलार्ड पुन्हा रुळांवर आलं आणि १९६३ पर्यंत धावलं.

चालक होते जो डडिंग्टन. पण माझी नजर शोधत होती फायरमनला. त्यांचं नाव टॉमी ब्रे. माझे वडील भुसावळच्या लोकोशेडात फायरमन होते ना! चालत्या गाडीत, हेलकावे खात, भट्टीत नेमका कोळसा टाकायचा. एकीकडे जास्त पडला, एकीकडे कमी, की वाफ उतरलीच. शेगडी पेटवलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. वडील घरी यायचे ते फक्त डोळे पांढरे घेऊन. साबणाची अर्धी वडी त्यांच्या कपड्यांतच संपायची.

वडील आता नाहीत. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. वेगाचं तिला काहीच वाटलं नाही. जरा वेळ थांबून म्हणाली, "त्या ब्रेची बायको कपडे कशाने धूत असेल गं?"