‘स्क्रॅच’ची रेघ

इंग्रजी शिकवितांना मला व्याकरणापेक्षां वाक्प्रचारांतच अधिक गोडी वाटते. ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ हा त्यांपैकींच एक. हातीं कांहीं नसतां एखादें कार्य अगदीं मुळापासून आरंभणें, हा त्याचा अर्थ. परंतु कोश उघडावा तर ‘स्क्रॅच’ म्हणजे ओरखडा! ओरखड्याचा नि आरंभाचा संबंध काय?

हा ओरखडा जमिनीवरचा होय. शर्यत जेथून सुरू व्हावयाची तेथें मातींत रेघ ओढीत, तीच ‘स्क्रॅच’. मुष्टियुद्धाच्या आखाड्यांतही अशी रेघ असे. १८३८ सालच्या लंडन येथील नियमांप्रमाणें, खालीं पडलेल्या मल्लास ठराविक वेळांत कोणाच्याही आधारावांचून त्या रेघेशीं येऊन उभें राहावें लागे. न आला तर तो हरला.

खरी मौज पुढेंच आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत ‘हँडिकॅप’ शर्यती होत. त्यांत दुबळ्या गड्यास कांहीं यार्ड पुढें उभें करीत, आणि सर्वांत चपळ गड्यास मात्र कसलीही सवलत न देतां रेघेवरच ठेवीत. म्हणजे ‘स्क्रॅच’वरचा गडी हा सर्वांत समर्थ! गोल्फच्या खेळांत ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणजे अजूनही निष्णातच. सामान्य बोलण्यांत मात्र सामर्थ्याचा भाग गळाला, व सवलत नसणें तेवढें उरलें.

आपल्याकडे आपण श्रीगणेशा करतों, ओनामा करतों, मुहूर्तमेढ रोवतों. हे प्रयोग आरंभ झाला एवढें सांगतात. तो कोठून झाला हें सांगत नाहींत. म्हणून भाषांतरांत येथें ‘श्रीगणेशा’ लिहिणाऱ्यास मी पुरे गुण देत नाहीं. ‘शून्यापासून’ हा शब्द मला त्यांतल्या त्यांत बरा वाटतो.

ज्याच्या घरीं पूर्वीं कोणीं पाटी हातीं धरिली नाहीं, त्या मुलाविषयीं आपण ‘बिचारा’ असें सहज बोलून जातों. वास्तविक ज्याच्या घरीं वडिलांचीं पुस्तकें आहेत, तो रेघेच्या कितीतरी यार्ड पुढें उभा असतो. ‘हँडिकॅप’ शर्यतींत रेघेवरचा गडी तिसरा आला, तरी सर्वांत वेगानें तोच धांवलेला असूं शकतो. तें पंचाच्या घड्याळांत दिसतें. प्रेक्षकांस नुसता क्रमांक दिसतो.

माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागीं त्याचे वडील अंगठा उठवितात. यंदा त्याचा क्रमांक सातवा आहे.