दहा हातांच्या नायकास

श्री दशभुज लक्ष्मीगणेश, मु. पो. हेदवी, ता. गुहागर, यांस साष्टांग नमस्कार.

बाप्पा, मुलांच्या चित्रकथेत तुला नायक करायचं ठरवलं आहे. पत्र उघड लिहितो, कारण प्रश्न हाताने चित्रकथा काढणाऱ्या सगळ्यांचाच आहे: पहिल्या चौकटीतला तू शेवटच्या चौकटीतही तूच कसा दिसशील?

दोन हातांचा नायकसुद्धा निसटतो. कान जरासा वर सरकतो, हनुवटी रुंदावते आणि काढणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही, कारण तो नवी चौकट आधीच्या चौकटीवरून काढत असतो. चूक पुढे वाढत जाते. म्हणून जाणते चित्रकार पहिल्या पानाआधी नमुन्याचा कागद करतात: समोरून, बाजूने, पाठमोरा, उंची किती डोक्यांची, हसताना डोळा किती मिटतो. पुढे प्रत्येक वेळी बघायचं ते त्याच कागदाकडे.

तुझा असा कागद फार पूर्वीच तयार झाला आहे. तुझ्या संगमरवरी मूर्तीच्या उजव्या हातांत चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा, महाळुंग. डाव्या हातांत कमळ, पाश, नीलकमळ, दात, धान्याची लोंबी. सोंडेत अमृतकुंभ, डाव्या मांडीवर लक्ष्मी. महागणपतीच्या ध्यानश्लोकातल्या वर्णनाशी हे जुळतं. ध्यान रचणाऱ्यांनी काय बदलायचं नाही ते बांधून दिलं. गालाचा उभार, नजरेतला भाव मूर्तिकारावर सोडला. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५१पासून 'कॉमन मॅन'ला असंच जपलं. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा कायम. भोवतालचा देश बदलत राहिला. त्याहून मोठी कसोटी काढणारा हात बदलतो तेव्हा लागते. 'टिंकल'मधला सुप्पांडी १९८३मध्ये राम वाईरकरांच्या हातून उतरला. २००३मध्ये ते गेले आणि मुलगी अर्चना आंबेरकर यांनी तो पुढे काढला. वाचणाऱ्या पोरांना सुप्पांडी सुप्पांडीच वाटला पाहिजे, एवढं ओझं त्या पेन्सिलीवर होतं. अशा कामाला 'नुसती नक्कल' म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

तुझी अडचण मात्र निराळी. गाभाऱ्यात तू बसलेला आहेस, माझ्या गोष्टीत तुला उठायचं आहे. बाजूने काढला तर पाच हात एकमेकांआड जातात. कुठला पुढे, कुठला मागे, हा क्रम एकदा ठरला की मोडायचा नाही. तू माझ्याकडे तोंड करून असतोस तेव्हा तुझा उजवा माझ्या डावीकडे येतो आणि पाठमोरा झालास की सगळं उलटतं. घाईत चक्र डाव्या हातात जायला वेळ लागत नाही. म्हणून कच्च्या रेखाटनात प्रत्येक मनगटाशी आकडा घालतो, एक ते दहा, आणि शाई वाळल्यावर खोडतो.

आणि एक. गोष्टीत एक पोरगी पायरीवरून घसरते, तिला तुला उचलायचं आहे. दहाही हात भरलेले. लक्ष्मीला आधी आसनावर बसवतो. कमळ, लोंबी खाली ठेवणं मनाला पटत नाही. पाश पडला तर पोरगी त्यात अडकेल. तेव्हा गदा ठेवायची, चौथा हात मोकळा करायचा. गदा पायरीशी टेकलेली राहील आणि तू परत बसेपर्यंतच्या प्रत्येक चौकटीत, कोपऱ्यात का होईना, तिथेच दिसेल.

तुझा,
एक चित्रकथाकार