पाण्याच्या उताराने

कालव्याच्या कडेचा रस्ता डोळ्यांच्या आधी पायांना कळतो. उरुळी कांचन सोडून सोलापूर रस्त्याच्या दक्षिणेला आत वळलं, की थोड्या वेळाने पॅडलवरचा भार एकदम सारखा होतो. चढ नाही, जाणवेल असा उतारही नाही. रस्ता वळणं घेतो, ओढ्याशी आत शिरतो, पुन्हा बाहेर येतो, पण गिअर बदलावा लागत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आज पाय चांगले चालताहेत. मग लक्षात आलं, हे कालव्याचं देणं आहे. टेकड्यांच्या पायथ्याने एकाच उंचीची रेघ धरून तो अगदी नाममात्र उतरत जातो. पाण्याला चढता येत नाही, म्हणून त्याच्या सोबतीने जाणाऱ्यालाही चढावं लागत नाही.

सायकल मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतली, गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालण्यापेक्षा सायकल बरी म्हटल्यावर. सुरुवातीला सगळ्यांसारखी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात असे. तिथून परत फिरायचं आणि वाटेत खडकवासल्याच्या भिंतीपाशी चहा प्यायचा. एका रविवारी माझ्या मैत्रिणीने विचारलं, "आपण रोज धरण बघतो. हे पाणी पुढे जातं कुठे?" मी पुण्यात जन्मलेली, पण मला त्याचं उत्तर फक्त नळापर्यंत देता आलं. त्या प्रश्नापायी गेली सहा वर्षं आम्ही दोघी हिवाळ्यात पूर्वेकडे जातो.

खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात उभं राहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं. ती तारीख पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात माहीत असते. त्या धरणातून निघालेला जुना कालवा अजून आहे. हडपसरच्या पुढे लोक त्याला ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात. पुढे झालेला मोठा तो नवा मुठा उजवा कालवा. पर्वतीच्या पायथ्याने शहर ओलांडून, हवेली आणि दौंड तालुके भिजवत तो इंदापूरपर्यंत जातो. लांबी सुमारे २०२ किलोमीटर.

आमचा नेहमीचा मार्ग हडपसरहून सुरू होतो. पहाटे साडेपाचला निघायचं, कारण सोलापूर रस्त्यावर सात वाजल्यानंतर ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरांमध्ये सायकलला जागा उरत नाही. लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला डावीकडे नदीवर उतरतो. जानेवारीत तिथे धुकं असतं. धुक्यात चक्रवाकांच्या जोड्या, हळदी-कुंकू बदकं, लांब तांबड्या पायांचे शेकाटे. पण बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचलेला असतो आणि कडेच्या झुडपांना पूर ओसरल्यावर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या लोंबतात. ते प्लॅस्टिक आमच्या शहरातलं असतं. पक्षी तरीही येतात. त्यांना बघताना आनंद होतो आणि लाजही वाटते.

तिथून थेऊर. मुळा-मुठेने वळसा घातलेलं हे गाव अष्टविनायकांतल्या चिंतामणीचं, पण मी तिथे जाते ती माधवराव पेशव्यांसाठी. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवाई अंगावर आलेला हा मुलगा अकरा वर्षांत राज्य सावरतो आणि क्षयाने खंगून इथे येतो. १८ नोव्हेंबर १७७२ ला, सत्ताविसाव्या वर्षी, चिंतामणीच्या आवारात त्यांनी देह ठेवला. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचं स्मारक नदीकाठी आहे. सायकल टेकवून मी दर वेळी तिथे पाच मिनिटं बसते. समोर नदी जलपर्णीने झाकलेली असते आणि पाण्याला वास येतो. पुण्याच्या दगदगीतून सुटून माधवराव ज्या नदीकाठी येत, तिच्यातून आता पुण्याचंच सांडपाणी वाहतं.

थेऊरहून मुख्य रस्त्यावर न येता नायगाव, कोरेगाव मूळ असं आतून उरुळीला जाता येतं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच गुलाबाची नाहीतर फ्लॉवरची शेतं. कोरेगाव मूळला पुरंदर उपसा योजनेचं पंपगृह आहे. शहराने वापरून नदीत सोडलेलं पाणी इथून उचलून पुरंदरच्या कोरड्या पठारावर चढवतात. त्याआधी मुंढव्याला असंच पाणी उपसून बेबी कॅनॉलमध्ये सोडलं जातं. शहर धरणाचं स्वच्छ पाणी जास्त घेतं, म्हणून ही भरपाई. हे मला पुस्तकातून कळलं नाही. कालव्याचा रंग गावागणिक बदलताना दिसला, तेव्हा मी विचारायला लागले.

उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रमाशी थांबतो. १९४६ मध्ये गांधीजी इथे येऊन राहिले, खेड्यातल्या लोकांवर माती, पाणी, ऊन आणि आहाराने उपचार केले. पुढचं काम मणिभाई देसाईंनी आयुष्यभर केलं. आश्रमाबाहेर आम्ही केळी घेतो, बाटल्या भरतो आणि कालव्याकडे वळतो.

यवतच्या अलीकडे एकदा माझं मागचं चाक बसलं. कालव्याच्या भरावावर बाभळी फार, आणि रोड बाइकचे टायर पातळ. ट्यूब काढली, पण भोक सापडेना. शेजारच्या उसात दारं धरत असलेले एक आजोबा खोरं टाकून आले. रात्रभर जागलेले, गमबूट चिखलाने भरलेले.

"काय झालं ताई?"

"पंक्चर आहे, पण कुठे ते कळत नाही."

"आना हिकडं." त्यांनी ट्यूब घेतली, हवा भरायला लावली आणि चारीच्या पाण्यात बुडवली. बोटभर ट्यूब सरकवत गेले. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. "हितं हाय बघा."

मैत्रीण ठिगळ लावत असताना मी विचारलं, "आवर्तन कधी सुटलं?"

"चार दिस झालं. पाटकऱ्यानं रातची पाळी दिली. रातची तर रातची, पानी सोडून झोपायचं कसं?"

"पुरतं का?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हात पूर्वेकडे केला. "आमचं बरं हाय. टेलवाल्यांना इचारा. त्यांच्यापातूर जाईस्तोवर पाट निम्मा व्हतो." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमी पुन्याच्या ना?"

मी हो म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण धरणापासून त्यांच्या शेतापर्यंत वाटेत कोण कोण बसलंय याचा हिशोब त्या एका प्रश्नात होता. निघताना त्यांनी उसाची दोन कांडकी हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

यवत हे तुकोबांच्या पालखीचं मुक्कामाचं गाव. आषाढी वारीत इथले लोक हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. गावाजवळ दक्षिणेला वळलं, कालव्यावरचा पूल ओलांडला, की पायांना दुसरी गोष्ट कळते. रस्ता चढू लागतो. इतका वेळ न बदललेला गिअर खाली आणावा लागतो आणि त्याच वेळी डोळ्यांसमोरचा हिरवा रंग संपतो. पुलाच्या उत्तरेला ऊस, दक्षिणेला कुसळी गवत, बाभूळ, ज्वारीची विरळ पट्टी. सुरुवातीला मला हा योगायोग वाटायचा. आता माहीत आहे की माझ्या मांड्या जिथे भरून येऊ लागतात, तिथेच पाण्याचाही आपणहून जाण्याचा मार्ग संपतो. पुढे त्याला वीज लागते, पंप लागतात आणि त्या विजेच्या बिलातला वाटा शेतकऱ्याला उचलावा लागतो. घाटातल्या शेवटच्या वळणांवर मी उभी राहून पॅडल मारते. छातीचा भाता होतो. दोन बाटल्यांचं पाणी वर न्यायला माझी ही अवस्था. शेतं भिजवायला लागणारं पाणी वर चढवायचं म्हणजे काय, हे तिथे अंगाला कळतं.

वर भुलेश्वर. बाहेरून एखाद्या गढीसारखं दिसणारं, चुन्यातल्या नंतरच्या शिखरांचं देऊळ. अंधाऱ्या अरुंद जिन्याने वर गेलं की आत काळ्या दगडातलं तेराव्या शतकाच्या सुमाराचं यादवकालीन कोरीवकाम उघडं होतं. स्त्रीरूपातली गणेशमूर्ती इथे आहे, महाभारतातले प्रसंग आहेत. कित्येक मूर्तींचे चेहरे आणि हात फोडलेले आहेत, तरी उरलेल्या कमरेच्या बाकात आणि पैंजणांत शिल्पकाराचा हात स्पष्ट दिसतो. भोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त केल्यानंतर या मुलखावर नजर ठेवायला तो बांधला. १६३० ते १६३२ ही दख्खनमधल्या भीषण दुष्काळाची वर्षं. या टेकडीवरून तेव्हा चारी दिशांना काय दिसत असेल, याची कल्पना करवत नाही.

आज तटावर उभं राहून उत्तरेला बघितलं की एक हिरवा पट्टा दिसतो. त्याची दक्षिणेकडची कड सुरीने कापल्यासारखी आहे. ती कड म्हणजे कालवा. त्या कडेवर कुठेतरी ते आजोबा अजून दारं धरत असणार.

त्या दिवशी येताना घाट उतरल्यावर मी पॅडल मारणं बंद केलं. सायकल आपोआप पळत राहिली, हळूहळू मंदावली आणि कालव्याच्या पुलाशी येऊन थांबली. मी कठड्यापाशी उभी राहिले. खाली पाणी पूर्वेला चाललं होतं, गढूळ, संथ, आवाज न करता. आमचा रस्ता पश्चिमेला, पुण्याकडे होता.

"पुढच्या वेळी?" मैत्रिणीने विचारलं.

"टेलला," मी म्हणाले. "इंदापूरला. दोन दिवस लागतील, मुक्काम करू."

सहा वर्षं आम्ही या पाण्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंतच आलो होतो. आजोबांनी ज्यांना विचारायला सांगितलं, ते कालव्याच्या शेवटी राहतात. त्यांना विचारायला आता जायला हवं.