जेवतांना दिलेलीं मतें

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरीं जन्मले आणि १९४४ सालीं नाशकांत वारले. तेव्हां चित्रपटांवर मत देण्याचा जन्मसिद्ध अधिकार प्रत्येक नाशिककरास आहे, अशी आमची समजूत आहे. आमच्या घरीं हा अधिकार रविवारीं रात्रीं बजावला जातो. आजोबा एखादा जुना चित्रपट लावतात, आणि पानावर बसल्यावर प्रत्येकानें त्यावर एकाच वाक्यांत मत द्यावयाचें असा नेम आहे. आजोबांना दुसरें वाक्य खपत नाहीं.

पौराणिकांपासून आरंभ करूं. फाळक्यांच्या 'लंकादहना'चे (१९१७) आतां कांहीं तुकडेच उरले आहेत. पण पूर्ण पाहिल्यावांचून मत देऊं नये असा नियम आमच्या घरीं नाहीं. त्यांत राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्यांनींच केल्या होत्या. आमचें मत : सीतेच्या शोधार्थ रामानें समुद्र ओलांडण्याचें कारण नव्हतें, आरसा पुरला असता. 'संत तुकाराम' (१९३६) पाहून मात्र आमची जीभ चालेना. विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेची थट्टा कोण करील ? शेवटीं आई म्हणाली, "तुकोबा वैकुंठास गेले, पण चित्रपट जिजाईनें पृथ्वीवर सांभाळला," आणि तें मत आम्हीं तत्काळ आपलेंसें केलें. अत्र्यांनीं लिहिलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) : व्रत घेण्यास एक व्याख्यान पुरलें, मोडण्यास एक गाणें. भुतांच्या चित्रपटांविषयीं आम्हांस फारसें बोलावयाचें नाहीं. पंचवटींतील जुन्या वाड्यांत राहणारास दारें आपोआप वाजण्याचें काय कौतुक !

मग एका रविवारीं 'शेजारी' लागला. व्ही. शांताराम ह्यांनीं 'प्रभात'साठीं १९४१ सालीं काढलेला हा सामाजिक चित्रपट. एका गांवांतले दोन जिवलग शेजारी, एक हिंदु व एक मुसलमान. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. धरण बांधणाऱ्या धनिकाच्या कारस्थानानें त्यांच्यांत वितुष्ट येतें, आणि तें मिटतें केव्हां, तर धरण फुटतांना, मरणाच्या दारीं ! आम्हीं घांस गिळून मत दिलें :

"धरण फुटण्याची वाट न पाहतां एकानें दुसऱ्याकडे वाटीभर साखर मागितली असती, तर 'प्रभात'चा केवढा खर्च वांचला असता !"

आजोबा मोठ्यानें हंसले. आई हंसली नाहीं. बाबा पानांतील भाताकडे पाहत राहिले. तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें कीं, चौकांतील नळाच्या पाण्यावरून समोरच्या बिऱ्हाडाशीं आमचें बोलणें बंद झाल्यास दोन वर्षें होत आलीं होतीं. बाबा आणि समोरचे काका लहानपणीं शाळेंत एकाच बांकावर बसत. आम्हांस दुसरें वाक्य बोलावयाचें होतें, पण नेम आड आला.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बाबांनीं हांक मारली व आमच्या हातांत रिकामी वाटी दिली.

"समोर जा, आणि साखर मागून आण."

चौक ओलांडण्यास दहा पावलें लागतात. त्या दिवशीं तीं फार वाटलीं. काकूंनीं दार उघडलें, वाटीकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां त्या वाटी घेऊन आंत गेल्या. आंतून काकांचा आवाज आला :

"शिगोशीग भर ग."

वाटी जपत आम्ही परतलों. साखर ओतण्यासाठीं आईनें डबा उघडला. तो आधींच तोंडापर्यंत भरलेला होता.